चोरून पोहणं
कानातलं पाणी निघावं म्हणून तो जिन्याखाली एका पायावर उड्या मारत होता. तेवढ्यात वरून आईनं डोकावलं.

"हे काय रे नवीन?"

"पायात गोळा आलाय."

"मग उड्या कशाला मारतोस? ये वर, तेल चोळून देते."

डोंगरउतारावर भल्याभल्यांना मागे टाकणारा हा गडी, पण आईशी खोटं बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. तो निमूटपणे वर गेला आणि चांगल्या ठणठणीत पायाला तेल चोळून घेतलं.

वडील नदीत बुडाले तेव्हा तो रांगत होता. आई काठावर होती. तेव्हापासून तिनं त्याला आणि ताईला शपथ घातली होती, पाण्यात उतरायचं नाही. त्यानंही ती इमानेइतबारे पाळली आणि सायकल शर्यतींवर पोट भरलं. संघाच्या म्होरक्यापुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. हार दुसऱ्याच्या गळ्यात पडायचा. मग एके दिवशी संघानं त्याला नारळ दिला.

दुसऱ्या एका संघाचा व्यवस्थापक म्हणाला, "पाय सोन्याचे आहेत तुझे. पळतोसही बरा. पोहायला शीक, ट्रायथलॉनसाठी घेतो तुला."

तो शिकायला लागला. पण सायकलवाल्याची खोड पाण्यातही सुटेना. गुडघे वाकवून तो असा पॅडल मारायचा की होता तिथेच राहायचा. "अहो सायकलवाले, ब्रेक सोडा!" तलावावरचे शिक्षक काठावरून ओरडायचे आणि सगळा तलाव हसायचा. कमरेपासून पाय हलवायला शिकेपर्यंत त्यांचा घसा बसला होता.

ओले कपडे जवळच राहणाऱ्या ताईच्या गॅलरीत वाळायचे. "माझ्या घराची पार लाँड्री केलीय तुम्ही लोकांनी," ती करवादायची. पण आईजवळ तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. ताई म्हणजे ताईच.

आई घरी शिलाईचं काम करायची. हल्ली तिचे डोळे लाल दिसत. "सुईत दोरा ओवून ओवून झालंय," ती म्हणायची. त्याचेही लाल असायचे, ते तो रस्त्यावरच्या धुळीवर ढकलायचा. पण आईचं कारण त्याला पटत नव्हतं. दुपारी मशीन बंद करून ती "जरा पोरीकडे जाऊन पडते" म्हणायची आणि परत यायची ती दमलेली, गप्प गप्प. वडिलांच्या आठवणीनं रडत असणार, असं समजून तो हळहळायचा. आणि आपण तिच्या पाठीमागे काय करतोय, हे आठवून आणखीच.

व्यावसायिक म्हणून त्याची पहिली शर्यत उद्यावर आली होती. सुरुवात मोठ्या सरोवरात. आईला त्यानं नुसतंच "शर्यत आहे" म्हणून सांगितलं होतं. पण संध्याकाळी बॅग भरता भरता त्याचा हात थांबला. तिला फसवून त्या पाण्यात उतरणं त्याला जमणार नव्हतं.

तो मशीनजवळ जमिनीवर बसला. "आई, उद्या पोहायचंसुद्धा आहे. मी शिकलोय. तू नको म्हणालीस तर जाणार नाही. खरंच नाही जाणार."

मशीन थांबलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"खोल आहे?"

"हो."

"लाटा?"

"वारा सुटला तर."

तिनं हातातली शिवण नीट केली.

"मग दम कोंडून ठेवू नकोस," ती म्हणाली. "तोंड पाण्यात असताना हळूहळू श्वास सोडायचा. आणि डावीकडून लाट आली की उजवीकडे मान वळवायची. नाहीतर नाकात जातं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्याच तलावावरच्या शिक्षकांनी. दुपारी बायकांची तुकडी असते. तू माझ्याशी खोटं बोलायला लागलास, त्याच आठवड्यात मी नाव घातलं."

"तू? अगं, पण तुला पाण्याची इतकी भीती..."

"आहेच. अजून आहे." तिनं दातांनी दोरा तोडला. "पण तुझे बाबा हाका मारत होते, तेव्हा मला पोहता येत नव्हतं."