तेल न लावलेलं चाक

“तेल कमी पडलं आसणार,” धरणेंद्र चौगुले म्हणाले.

जीप आष्ट्याच्या स्टँडसमोर एका अंगावर कलून उभी होती. पुढच्या चाकाचा एक बोल्ट तुटला होता, बाकीचे नट ढिले झाले होते, आणि त्यांच्या पत्नी चंदनबाला रस्त्यावर उतरून चाकाकडं असं बघत होत्या, की जणू त्यानं शिवीच दिली होती.

“आता मी न्हाई बसायची ह्या गाडीत,” त्या म्हणाल्या. “उद्या पाटणास्नं ब्राह्मीला आणायचीय. सातवा म्हैना लागलाय पोरीला. तिकडच्या वळणावर चाक निघून गेलं म्हंजे?”

धरणेंद्रांचा तेलाचा घाणा. कुरकुरणारं दार, आखडलेला गुडघा, रुसलेलं गिऱ्हाईक, सगळ्यांवर त्यांच्याकडं एकच औषध: करडईचं तेल. चाकाच्या नटांना तर रोज आंघोळ. रोज अशासाठी, की जीप रोज संध्याकाळी एका चाकानं कमी व्हायची. गेल्या साली तालुक्यात जीपा चोरीला गेल्याचं कानावर आलं, तेव्हापासून सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की धरणेंद्र एक चाक काढत, खाली विटा रचत आणि चाक घरात नेऊन खाटेखाली ढकलत. वर स्वतः झोपत. गाव हसायचं. मग हसणाऱ्यांतल्याच एकाची मोटरसायकल गेली आणि गावानं हसणं आवरतं घेतलं.

स्टँडजवळ सिद्धूनं नुकतंच पंक्चरचं खोपट टाकलं होतं. मिलिटरीत गाड्यांवर होतो, एवढंच तो स्वतःविषयी सांगे. तो पाना घेऊन आला, खाली बसला आणि तुटक्या बोल्टावरून बोट फिरवून त्यानं वास घेतला.

“मालक, ह्यात भजी तळली व्हती का?”

“अरं, तेलानं नट कसा हलका फिरतो!”

“त्येच तर. तेल लावलं की पाना खोटं बोलतो. हाताला वाटतं बेतानंच आवळलं, आन् आत बोल्ट ताणून ताणून बारीक व्हतो. एक दिवस तुटतो. आटे कोरडेच पायजेत.”

धरणेंद्रांनी आयुष्यात तेलाची निंदा प्रथमच ऐकली. त्यांनी हातातली तेलाची बुधली पोटाशी धरली.

सिद्धूनं नवा बोल्ट बसवला. मग एकेक आटा रॉकेलच्या फडक्यानं पुसला, तारेच्या ब्रशनं घासला, परत कोरड्या फडक्यानं पुसला. नट आधी बोटांनी फिरवले. मग पान्यानं, एक झाला की शेजारचा नाही, समोरच्या अंगाचा. चाक सगळीकडून सारखं बसलं तेव्हा त्यानं जॅक उतरवला आणि शेवटचा जोर टायर जमिनीला टेकल्यावर दिला. पान्यावर उभा राहिला नाही, पाइप घालून लोंबकळला नाही. हात जिथं थांबला तिथं थांबला.

चहावाला गुंडा कप विसळायचा थांबला होता. “आरं, चाक बसवतूस का नवरी सजवतूस?”

“गड्या,” सिद्धू म्हणाला, “कुणाचं बी चाक आसू दे, ह्या गाडीत आपुनच बसणार हाय आसं धरून मी बसवतो.”

चंदनबालांना हे फार आवडलं. तरी त्यांनी परीक्षा घेतलीच. गुंडाकडून काठोकाठ भरलेला तांब्या आणला, पुढं बसून मांडीवर ठेवला आणि सिद्धूला म्हणाल्या, “चालीव बघू.”

“चोक अर्धाच वढ,” धरणेंद्र मागून म्हणाले. “आन् आधी शिटाखालचा खटका दाब. त्याबिगर बया बोलत न्हाई.”

जीप नाक्यापर्यंत गेली, खड्डे हुडकत परत आली. तांब्यातलं पाणी पापणी लवावी एवढंही हललं नाही. गुंडा तर पुढं कित्येक दिवस सांगे, की पाणी जाताना होतं त्याहून येताना जरा जास्तच होतं.

सिद्धूनं उतरल्याबरोबर पुन्हा पाना लावला. एक नट किंचित फिरला. “पळाली की नट आपली जागा धरत्यात. परत बघायलाच लागतं. उद्या बी कऱ्हाडाला थांबून बघायचं.”

“तूच चल की बाबा,” चंदनबाला म्हणाल्या.

“कऱ्हाडाकडं जायाचंच हाय मला, काकी. काळजी करू नगा. ते माझ्याकडं लागलं.”

धरणेंद्रांनी बुधलीचं बूच घट्ट केलं. “आन् आज सांजंला चाक काढलं तर?”

“काढा की, गाडी तुमची. फकस्त सकाळी बसवायला मला हाक मारा. घाईत तेल लावू नगा.”

असा माणूस! दुसरा असता तर काढू नका म्हणून दम दिला असता. धरणेंद्र घरी जाईपर्यंत त्याचंच कौतुक करत होते.

सूर्य मावळायच्या आत जेवणं झाली. सवयीनं धरणेंद्र पाना घेऊन अंगणात निघाले. चंदनबाला उंबऱ्यात आडव्या आल्या.

“खबरदार हात लावाल तर! त्या पोरानं जीव वतलाय त्या चाकात. लेकीपरास तुमाला चोर मोठं झालं व्हय?”

धरणेंद्रांनी पाना कोनाड्यात ठेवला. बऱ्याच दिवसांनी खाटेखाली काही नव्हतं. त्यांना झोप छान लागली.

सकाळी चंदनबाला ब्राह्मीसाठी लाडवांचा डबा घेऊन बाहेर आल्या. मागोमाग धरणेंद्र, धुतलेल्या टोपीत. अंगणात विटा तेवढ्या होत्या. मातीत चाकांचे माग सरळ फाटकातून बाहेर गेले होते, चारही चाकांचे, जराही न डगमगता.

धरणेंद्रांनी वाकून एका रेघेवरून बोट फिरवलं.

“आवं,” चंदनबाला हळूच म्हणाल्या, “कऱ्हाडाला थांबून नट बघितलं आसतील न्हाई त्यानं?”

“बघितलं आसणारच,” धरणेंद्र म्हणाले.