डॉक्टरांच्या शेजारी

डॉक्टरांनी धावता धावता पुन्हा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात छातीवर गेला.

पुलाचा चढ सुरू झाला होता. बाकीचा गट केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे राहिले होते ते हे दोघंच. तसे ते दर रविवारी दोघंच मागे राहत. हा नवखा, चार पावलांत धापा टाकतो, आणि डॉक्टर बिचारे भले म्हणून त्याला सोबत करतात, असा गटाचा समज होता.

खरं कारण त्यालाच ठाऊक होतं. डॉक्टर हृदयाचे होते. म्हणून पहिल्या रविवारपासून तो त्यांना गोचिडीसारखा चिकटला होता. डॉक्टर हळू झाले की हा हळू. डॉक्टर पाणी प्यायला थांबले की यालाही तहान. पडायचंच असेल तर निदान योग्य माणसाच्या पायाशी पडावं, एवढाच त्याचा हिशेब होता.

त्याचे वडील शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, हातात चहाचा कप असताना. आदल्याच आठवड्यात त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि सगळं ठणठणीत निघालं होतं. आता तो शेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच्याही तपासण्या झाल्या. सगळं ठणठणीत. त्यामुळे तर तो जास्तच घाबरला. अंथरुणावर पडला की छातीवर हात ठेवून ठोके ऐकत बसायचा. शेवटी बायको वैतागली. "अहो, नुसतं घाबरत पडण्यापेक्षा घाबरत धावा तरी!" म्हणाली, आणि तिनेच त्याचं नाव मॅरेथॉनच्या सराव गटात घालून टाकलं.

घाबरणं हा तसा त्याचा पोटापाण्याचा धंदाच होता. बिस्किटांच्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी. ओली फरशी, उघडी वायर, सैल पडलेला पट्टा, सगळं आधी त्याला दिसायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जपून' म्हणायची सवय, म्हणून कामगार त्याला पाठीमागे जपूनसाहेबच म्हणत. बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती कशी दाबायची, हेही तोच त्यांना शिकवायचा. त्यासाठी एक रबरी पुतळा होता. गटात पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, तेव्हा याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. म्हणून त्याने पुतळ्याचं सांगितलं. सगळे खो खो हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. पेशातला माणूस, त्यांना त्यातलं गांभीर्य कळत असणार, असं त्याला वाटलं. पळायला सुरुवात झाली तेव्हा ते नेमके त्याच्या शेजारीच उभे होते. त्याला आयतंच मिळालं.

सुरुवातीला बरं चाललं होतं. पोटऱ्या दुखत, जिना उतरताना आई आठवे, पण त्या दुखण्याची त्याला भीती नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर रस्त्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघतात. मध्येच विचारतात, "आहात ना?" आता हा काय प्रश्न झाला? धडधाकट माणसाला कोणी असं विचारतं का? गेल्या रविवारी स्कूटर पंक्चर झाली आणि त्याला चांगलाच उशीर झाला. मैदानावर पोहोचला तर गट गेलेला आणि डॉक्टर एकटेच फाटकापाशी उभे. याला पाहताच त्यांनी केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायकोचाही चेहरा उतरला.

"सरळ विचारा त्यांना," ती म्हणाली. "काय असेल ते असेल. आणि लगेच मला फोन करा."

आज विचारायचंच, असं ठरवून तो आला होता. पण चढ अर्धा सरला तरी तोंडातून शब्द फुटेना. मनगटावरच्या घड्याळात ठोक्यांचा आकडा भराभर वर चालला होता. वडिलांचा कप डोळ्यांसमोर आला, फरशीवर पडूनही न फुटलेला. तेवढ्यात डॉक्टरांनी परत एकदा पाहिलं. हा थांबला. त्याने पुलाचा कठडा धरला.

"डॉक्टर, खरं सांगा. लपवू नका. माझं काय दिसतंय तुम्हाला?"

"तुमचं?" डॉक्टरही थांबले. ते गोंधळले होते. "तुमचं काय दिसायचंय? चांगले घोड्यासारखे आहात की!"

"मग सारखे माझ्याकडे बघता का?"

डॉक्टरांनी गळ्यापर्यंत ओढलेली जॅकेटची चेन खाली केली. छातीच्या मधोमध एक सरळ व्रण खालपर्यंत उतरत गेला होता.

"गेल्या वर्षी बायपास झाली," ते म्हणाले. "धावायची परवानगी आहे. माझे तपासण्यांचे कागद सगळे छान आहेत. पण असल्या छान कागदांवर मीच रोज सह्या करतो हो. तुम्ही शेजारी नसलात तर फाटकाबाहेर पाऊल पडत नाही माझं."

"अहो, पण हृदयाचे डॉक्टर तुम्ही!" तो जवळजवळ ओरडलाच. "मी आजवर फक्त रबराचा पुतळा दाबलाय. छाती दाबायला माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं येतं!"

"येतं की." डॉक्टरांनीही कठडा धरला. "पण स्वतःची स्वतःला नाही दाबता येत."