शेवटचा नंबर

हंसाबेननी तुळसाबाईंचा हंडा पायानेच रांगेबाहेर सरकवला. "मौसी, आपका नंबर लास्ट में."

"कुनी ठरविलं?"

"मैंने नहीं हां. सोसायटीने."

१९९१चा उन्हाळा. इंद्रलोक वसाहतीतल्या एका नव्या बिल्डिंगीत घरोघरी नळ होते, पाणी नव्हतं. टँकर आला की सगळे खालच्या टाकीवर रांग लावत. तुळसाबाई मुलाकडे नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्या परभणीकडच्या. त्यांच्या गावात बौद्धांना सार्वजनिक विहिरीवर मज्जाव होता. भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरून पाणी भरणारी पहिली बाई त्याच. त्यांनी दगड खाल्ले, बहिष्कार सोसला, कोर्टात केस जिंकली. पुढे गावोगाव भाषणं करत फिरून आणखी कितीतरी विहिरी खुल्या केल्या.

त्यांनी हंडा तिथेच ठेवला आणि त्या जिना चढायला लागल्या. एकेक दार वाजवून विचारलं, "मी रांगेत पानी भरलं तर तुम्हाला अडचन हाय का?"

"आम्हाला काही नाही हो. पण बाकीच्यांना..."

प्रत्येक मजल्यावर हेच उत्तर. शेवटी सेक्रेटरी बबनराव दारातच घुटमळले.

"मावशी, आम्ही कोणी बोललो नाही. तुमचा बुद्धभूषणच आला होता. म्हणाला, आमच्यामुळे कुणाला त्रास नको, आम्ही शेवटी भरू."

"मग तुम्ही काय म्हनलात?"

"आम्ही... हो म्हटलं."

बुद्धभूषण घरी होता, सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत. तुळसाबाई दारात उभ्या राहिल्या.

"खरं हाय?"

त्याने मान वर केली नाही. "विहिरीवर दगड आले तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो, आई. भाषणात ते तू कधी सांगत नाहीस."

तुळसाबाई खाली बसल्या.

"तवा तुला इचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "आता इचारते. येतोस?"

 तो उठला आणि आईच्या आधी जिना उतरला.

"हंसाबेन," तो म्हणाला, "वो मैंने गलत बोला था. आजसे हम लाइन में ही भरेंगे."

त्याने हंडा उचलून रांगेत ठेवला आणि तिथेच उभा राहिला. तुळसाबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. पाण्याच्या लढ्यात कुणाच्या मागे उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.