सुधारलेली गाणी

“चाळीस वर्षांच्या संसारात सुभद्रा कधी उलटून बोलली नाही,” गोपाळराव म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले.

वर्षश्राद्धाला टाळ्या वाजवायच्या असतात की नाही, हे महाल भागातल्या त्या घरच्या बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी चंपतरावांनी दोन वाजवल्या. ते अध्यक्ष होते, त्यांना काहीतरी करणं भाग होतं.

लतिका मागे बायकांत बसून वडिलांकडे बघत होती. हेडमास्तरकीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण समोर सतरंजी अंथरली आणि माणसं बसली की त्यांना वर्गच दिसायचा.

“आदर्श पत्नी, वत्सल माता, प्रेमळ आजी,” ते बोटांवर मोजत म्हणाले. “आणि गुणी. फावल्या वेळात तिनं भुलाबाईची काही गाणी रचली होती. भाषा अर्थातच अशुद्ध. ती मी सुधारून छापली आहेत.”

फावला वेळ! पहाटे चारला उठून यांच्या अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या आईला तो कधी मिळाला, हे लतिकाला विचारावंसं वाटलं. आई चुलीपुढे गाणी रचायची. भादव्यात भुलोजी आणि भुलाबाईची मातीची जोडी स्वतः घडवायची, चिंध्यांतून त्यांना शेला-लुगडं नेसवायची, आणि मग महिनाभर गल्लीतल्या पोरी अंगणात बसून तिची गाणी म्हणायच्या. गोपाळराव तेव्हा ओसरीवर पेपर वाचत असत. मधूनच ओरडत, “कलकलाट कमी करा.”

गेल्या आठवड्यात लतिकानं आईची गाण्यांची वही पाहिली होती. पानोपानी लाल शाई. ‘ले’चा ‘ला’ केलेला, ओळीच्या ओळी खोडलेल्या. एकेका नातीचं नाव गुंफून आईनं रचलेली पाच गाणी तर ‘वैयक्तिक’ असा शेरा मारून गाळून टाकली होती. पाहुणे गेले की आज बाबांना चार शब्द सुनावायचेच, असं तिनं सकाळी ठरवलं होतं.

“बेबी, पान सात,” गोपाळरावांनी नातीला उभं केलं.

बेबी पुस्तिका डोळ्यांजवळ धरून म्हणू लागली:

“मीठ असो वा नसो, भुलोजी हसतमुखे जेवती,
पतिचरणांची सेवा करुनी भुलाई धन्य होती...”

चाल ‘हसतमुखे’वरच अडखळली. बेबीनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली आणि रडवेली झाली.

“थांब वं पोरी,” लतिकाच्या शेजारून जयवंताबाई म्हणाल्या. तीस वर्षांच्या शेजारीण. आईचं दरेक गाणं आधी त्यांच्या कानावर पडायचं. “असं नाही ते. तुले कोणं शिकवलं हे?”

“म्हणा, म्हणा, जयवंताबाई,” गोपाळराव उदारपणे म्हणाले. “मूळ ग्राम्य पाठ कसा होता, तेही लोकांना कळू द्या.”

जयवंताबाईंनी पदर सावरला. आवाज फाटका होता, पण चाल अचूक होती.

“मीठ कमी, मीठ जास्त, भुलोजी म्हणे सतरांदा,
ढेकर देऊन उठला राया, नाव घेतलं ना एकदा!”

बायकांत खसखस पिकली. कुणीतरी तोंडाला पदर लावला. गोपाळरावही हसले. जयवंताबाई पुढचं म्हणू लागल्या:

“भुलाईले ताप भरला, भुलोजी आले धावून,
हात लावला कपाळाले, चहा मागितला वरून!”

लतिका हसली नाही. हे कडवं रचलं त्या वर्षी आईला विषमज्वर झाला होता. लतिका तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि तो चहा तिनंच करून दिला होता. साखर कमी पडली म्हणून परत पाठवलेला कपही तिला आठवत होता.

तिनं वडिलांकडे पाहिलं. आता तरी चेहरा उतरेल, निदान मान खाली जाईल. लाल शाईनं हीच ओळ त्यांनी दोनदा खोडली होती.

गोपाळराव मांडीवर थाप मारून हसत होते.

“अफलातून इसम आहे हा भुलोजी!” डोळे पुसत ते म्हणाले. “सुभद्रेला हे सुचायचं तरी कुठून?”

हसू एकदम थांबलं. चंपतराव पुस्तिकेत तोंड घालून बसले.

“सुचाले कुठं जा लागे तिले, मास्तर?” जयवंताबाई शांतपणे म्हणाल्या. “घरीच होता ना भुलोजी.”

“तेही खरंच,” गोपाळरावांनी मान डोलावली. “दरवर्षी घरीच तर मांडायची ती. माती स्वतः मळायची, हो चंपतराव! बाहेरची मूर्ती तिला कधी चालली नाही.”

सुनावायचे चार शब्द लतिकाच्या तोंडापर्यंत आले होते. ते तिनं गिळले. ते झेलायला समोर कुणी नव्हतंच.

“काहून गप बसली वं लतिका?” जयवंताबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. “तिसरं कडवं तुले येते ना?”

लतिकाला येत होतं. तिनं गळा मोकळा केला आणि आईच्या बोलीत, एक अक्षरही न सुधारता, ते म्हणायला सुरुवात केली. एकेक करून सगळ्या बायका तिच्या आवाजात आवाज मिसळू लागल्या.

समोर गोपाळराव डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. मधून मधून तो चुकत होता.