त्रेचाळिसावी ओळ

बाबांच्या रक्तदाबाच्या वहीत बेचाळीस ओळी होत्या. एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ. त्यांतल्या एकोणचाळीस ओळींत वरचा आकडा एकशे पंचेचाळीसच्या पुढे. आईचं अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड एकही नाही.

लेक हृदयरोग विभागात नर्स होती. खास रजा टाकून आली होती.

“डॉक्टर म्हणालेत, एकशे चाळीसच्या खाली आला नाही, तर आज संध्याकाळपासून चौथी गोळी,” बाबा म्हणाले. “तिसरीनंच गरगरतं. चौथी आली की माझी शिडी भंगारात.”

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तीस वर्षं, शिडीवरून.

“गेली तर गेली शिडी,” आई म्हणाली. “माणूस राहिला पाहिजे.”

लेकीनं वही मिटली. “माझ्यासमोर मोजा. रोज मोजता तस्सं.”

मशीनची वायर आखूड. म्हणून बाबा दाराजवळच्या प्लगशी स्टुलावर बसले, नुकतेच तीन जिने चढून आलेले. डावा हात खाली लोंबत होता. पट्टा फुगू लागला आणि आईनं तोंड उघडलं.

“नळ गळतोय, आठ दिवस सांगतेय. धाकट्या भावोजींना फोन केलात? आणि ते रंगाचे डबे...”

“अगं, करतो ना!”

एकशे छप्पन्न.

“रोज असंच?” लेकीनं विचारलं.

“मग कधी बोलू? दिवसातून एवढी दोन मिनिटं तर हा माणूस जागेवर सापडतो.”

मागच्याच महिन्यात विभागात एका नव्या अभ्यासाचे निष्कर्ष वाचून दाखवले होते. हात लोंबता असला की रक्तदाब उगाच जास्त दिसतो. हात कुठे ठेवायचा यावर कसलं आलंय संशोधन, असं वाटून लेकीनं तेव्हा डुलकी काढली होती.

तिनं जेवणाचं टेबल दाराशी ओढलं. बाबांना पाठीच्या खुर्चीत बसवलं, हात टेबलावर, छातीच्या उंचीला.

“आता पाच मिनिटं गप्प. दोघंही.”

“मी कशाला?”

“तू तर आधी.”

आई ओठ मिटून घड्याळाकडे बघत बसली. तिसऱ्या मिनिटाला तिनं नळाकडे नुसतं बोट दाखवलं. लेकीनं डोळे वटारले.

पट्टा फुगला, सैल पडला. मिनिटभर थांबून लेकीनं पुन्हा मोजलं, दोन्हींची सरासरी काढली आणि वही आईपुढे सरकवली. बाबा कोपऱ्यातल्या शिडीकडे बघत होते.

आईनं चष्मा पुसला आणि नेहमीच्याच अक्षरात लिहिलं: १२८/७८.