हनुवटी

ते २०१७ साल. उंब्रजहून एसटीने तिघं साताऱ्याला आली होती: सुभेदार म्हणून रिटायर झालेले सयाजी, त्यांची बायको शालूबाई आणि सव्वीस वर्षांचा मुलगा वीरधवल. मुलगा स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी त्याच वर्षी सांगितलं. तोवर गाव त्याला आडमुठा म्हणायचं, आणि घरही.

समुपदेशक मयूरीने आधी त्यालाच विचारलं, कुठं बसायला आवडेल. त्याने खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली. तिनेही आपली शेजारी तशीच लावली. दारापाशी बसलेल्या सयाजींना राहवलं नाही.

"आवं बाई, त्यो बी भाईर बघतोय, तुमी बी भाईर. ही तपासणी हाय का एसटीचा परवास?"

शालूबाईंना हसू आलं, पण ते ओठांतच राहिलं. मयूरी वळली नाही. माझ्याकडे बघायलाच हवं असं नाही, ती वीरधवलला म्हणाली.

त्याने बोलण्याआधी नेहमीसारखी दोन बोटं हनुवटीखाली घातली आणि ती जोरात वर रेटली. घरच्यांना ती खोड वाटायची. तिथली कातडी काळवंडली होती.

"दुखत नाही?" मयूरीने विचारलं.

"दुखतं."

"मग सोडून द्या."

"मी न्हाई धरलेलं. आबांनी धरलंय."

सयाजींचे दोन्ही हात मांडीवर होते. शालूबाईंनी ते पाहिले. मग अंगणातल्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या कानात उभ्या राहिल्या. हनुवटी वर. नजर समोर. माझ्या डोळ्यांत बघ, न्हाईतर जेवाण न्हाई. त्या तेव्हा आत भाकऱ्या थापत असायच्या.

सयाजी पुन्हा त्या खोलीत आले नाहीत, स्टँडवरच बसून राहायचे. घरी मुलाशी बोलायचं झालं तर पाठ करून बोलायचे. मयूरी पुढे सांगलीला गेली, तर शालूबाई मुलाला घेऊन तिकडेही जात राहिल्या. वीरधवलची बोटं हळूहळू खाली आली. आता तो चुलत्याच्या रोपवाटिकेत उसाची रोपं लावतो.

साताऱ्याच्या त्या पहिल्या भेटीनंतर चार वर्षांनी सयाजी गेले. शेवटचं तोंड बघून घे, भावकीतले म्हणाले. शालूबाई मध्ये पडणार, तोच तो आपणहून पुढे झाला. वडिलांची मान एका अंगाला कलली होती. त्याने दोन बोटांनी त्यांची हनुवटी अलगद वर उचलली आणि बघत राहिला. इतका वेळ, की शेवटी शालूबाईंनीच नजर खाली घातली.