पाच हात

“सर, तू खोटं शिकवतो.”

सातवीच्या वर्गात रिना उठून उभी राहिली आणि हे बोलली. भूपेंद्र सरांचा खडू फळ्यावर टेकला तो तसाच राहिला. डोंगरातली पोरं मास्तरला ‘तू’च म्हणतात, त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, त्याची त्यांना सवय होती. ‘खोटं’ मात्र नवीन होतं.

फळ्यावर लिहिलेलं होतं, क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी.

“काय खोटं त्यात?”

“माझ्या बानं असंच केलं. दोरीनं लांबी मोजली, रुंदी मोजली, गुणलं. शेत पाच एकर भरलं. मग कागदावर चार कसं?”

हा कागद सरांना चांगलाच ठाऊक होता. रिनाच्या बानं, दिवाल्यानं, वनजमिनीच्या दाव्यात पाच एकर लिहिले होते. तालुक्याचा साहेब जीपीएसचं मशीन घेऊन बांधाबांधानं फिरला, चार भरले. ग्रामसभेत वाचायला कोणी नव्हतं म्हणून सरांनीच वाचलं होतं, ‘अर्जदाराने खोटी माहिती दिली.’ दावा अडकला. वर सरांनी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं होतं, “मशीन चुकत नसतं, दिवाल्या.”

पोरं होळीला ऊसतोडीवरून परतली होती. दिवाळीपासून वर्ग अर्धा रिकामा. आता चोवीस दिवसांत वर्षभराचं गणित उरकायचं होतं. वर्ष बारा महिन्यांचं असतं असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी कधी ऊस तोडलेला नाही. एका पोरीच्या एका प्रश्नापायी दिवस घालवणं परवडणारं नव्हतं.

“खाली बस,” सर म्हणाले. ती बसली नाही. सर खिडकीतून शाळेमागच्या उतारावर दिवाल्याचं शेत बघत राहिले. उभंच्या उभं शेत. बैलसुद्धा तिथं तिरपा चालतो.

त्यांनी खडू ठेवला. “दोरी घ्या रे. आणि ती पाण्याची बाटली.”

दिवाल्या शेतात दगड वेचत होता. मास्तर अकरा पोरं घेऊन वर चढतोय हे बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. राम राम केला नाही.

सरांनी वर एक खुंटी ठोकली. तिथून उतारावर जमिनीला चिकटून दोरी सोडली, पाच हात मोजून खाली दुसरी खुंटी ठोकली. खालच्या खुंटीवर रिनानं बांबू उभा धरला. बांबू सरळ आहे का बघायला दोरा बांधून दगड लोंबकळत सोडला. मग वरच्या खुंटीपासून दुसरी दोरी हवेत ताणली, थेट बांबूपर्यंत. दोरीला अर्धी भरलेली बाटली आडवी टेकवून पोरं पाणी बघू लागली. “वर घे! वर! आता खाली, येड्या!” पाणी सपाट झालं.

“मोज,” सर म्हणाले.

रिनानं हवेतली दोरी मोजली. चार हात. परत मोजली. चारच.

“आता बांबू. जमिनीपासून दोरीपर्यंत.”

“तीन.”

इतक्यात सरांचा फोन वाजला. गावात कुठं नाही, पण या उतारावर रेंज येते. केंद्रप्रमुख होते.

“अभ्यासक्रम कितपत झाला?”

“एक उतार झाला, सर.”

“काय?”

सरांनी फोन बंद केला. त्यांचं लक्ष बांबूवर होतं. तीन, चार, पाच. नऊ आणि सोळा, पंचवीस. पुस्तकात शेवटी शेवटी येणारं हे प्रमेय ते पंधरा वर्षं शिकवत होते. काटकोन त्रिकोण काढायचा, बाजूंना नावं द्यायची, पाच गुण द्यायचे. तो त्रिकोण शाळेमागं उभा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

“मशीन ही वरची दोरी मोजतं,” ते दिवाल्याला म्हणाले. “ते पाखरासारखं वरून बघतं. त्याला उतार दिसत नाही.”

“पाखरू दाणा खायला खाली उतरतं, गुरुजी.” दिवाल्या पहिल्यांदा बोलला. “मग मी खोटा नाही?”

“नाही.”

“मशीन खोटं?”

“तेही नाही. कागदावर सगळ्यांचीच जमीन सपाट धरून मोजतात.”

“मग खोटं कोण बोललं?”

पोरं मास्तरकडे बघायला लागली. सरांनी दोरी गुंडाळायला घेतली, मग थांबले.

“मी बोललो,” ते म्हणाले. “न बघता वाचलं.”

दिवाल्या बांबूपाशी आला. लोंबकळता दगड त्यानं हातात धरला, सोडला, पुन्हा सरळ होईपर्यंत बघत राहिला.

“हे सगळं मी अक्कलकुव्याला तालुक्याच्या कचेरीत नेतो. साहेबाच्या टेबलावर मांडतो.”

“टेबल सपाट असतं, दिवाल्या. तिथं चारचे चारच येतील.”

“हां.” तो हसला. “मग साहेबालाच वर चढवायला पाहिजे.”

“मी लिहून देतो तसं,” सर म्हणाले. “माझ्या सहीनं.”

ते खुंटी उपटायला वाकले. दिवाल्यानं त्यांचा हात धरला. वेचलेले दगड आणून त्यानं दोन्ही खुंट्यांभोवती रचले, गुरानं धक्का दिला तरी हलू नयेत असे.

“राहू दे. तो येईपर्यंत.”

“आणि नाही आला तर?” रिनानं विचारलं.

“तर पावसाळ्यात या दोन खुंट्यांच्या मधे पेरू,” दिवाल्या म्हणाला. “पाच हात.”